चुंबक फिरवायच्या आधी

जावयाची गाडी चालता चालता बंद पडते, हे लेकीने फोनवर सांगितलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं. ती गाडी पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपत होती. स्पोर्ट बाइक. चालवणाऱ्याने नाक टाकीला टेकवायचं आणि मागे बसणाऱ्याने फळीवर ठेवलेल्या डब्यासारखं वर बसायचं. चाळीस वर्षं मी गाड्या दुरुस्त करतोय, पण बसणाऱ्याला आराम म्हणून मिळू न देणारी गाडी लोक हौसेने का घेतात, हे मला अजून कळलेलं नाही.

मग ती म्हणाली, "बाबा, परवा पुलावर बंद पडली. मागे ट्रक होता. हॉर्न मारत मारत अगदी अंगाला चाटून गेला."

माझं बरं वाटणं तिथेच संपलं. "रविवारी घेऊन या," मी म्हटलं. "आणि तोवर तू त्या गाडीवर बसू नकोस."

"मी त्याच्या मागे बसले नाही तर तो अजून जोरात चालवतो," ती म्हणाली.

लेकीला घरात सगळे दहाची म्हणतात. शाळेत असताना मी खालून नुसतं "दहाचा!" ओरडलो की ती दहा नंबरचा पाना घेऊन पळत यायची, म्हणून दहाची. जावई दातांचा डॉक्टर आहे. माणूस सरळ आहे, मऊ बोलतो, मला मामा म्हणतो आणि प्रत्येक वाक्यात मान देतो. त्या मानाचंच मला ओझं होतं, पण ते नंतर कळलं.

माझं गॅरेज घराच्या खालीच आहे. तीन गाड्या मावतात, चौथी आली तर पहिली रस्त्यावर. भिंतीला एक काठी टेकवून ठेवलेली असते आणि तिच्या टोकाला जुन्या स्पीकरचं जाडजूड चुंबक बांधलेलं आहे. ही माझ्या वडिलांची पद्धत. गाडीचं काम संपलं की चुंबक सगळ्या जमिनीवर फिरवायचं. जे चिकटून येईल, स्क्रू, वॉशर, क्लिप, ते प्रत्येक कुठून आलं हे सांगता आलं पाहिजे. सांगता आलं नाही तर गाडी परत उघडायची. आधी चुंबक, मग चावी. वडील गिऱ्हाइकाला तासभर ताटकळत ठेवत, पण या बाबतीत कधी ऐकत नसत. मीही चाळीस वर्षांत हा नियम मोडला नव्हता.

रविवारी दहा वाजता दोघं आली. गाडी अर्थातच झोकात आली, एकदाही बंद पडली नाही.

"असंच होतं, मामा," जावई हेल्मेट काढत म्हणाला. "कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दोनदा ठेवली. दोन्ही वेळा म्हणाले, फॉल्ट सापडत नाही."

"तुमच्याकडे नाही का, डॉक्टर, रात्रभर ठणकलेली दाढ खुर्चीत बसलं की गप्प होते? तसंच हे. बंद कधी पडते?"

"गरम झाली की. अर्धा-पाऊण तास चालवली की अचानक सगळं गप्प. बटण दाबलं तर टक् नाही की खट् नाही. मग ढकलत कडेला घेतो, उतरतो, दहा मिनिटं गार होऊ देतो. परत बसलो की पहिल्या दाबाला सुरू."

गरम झाली की बंद, गार झाली की चालू. हे ऐकलं आणि मी गाडीला हात लावायच्या आधीच निकाल लावून मोकळा झालो, विजेचा कुठला तरी भाग तापून बिघडतोय. गिऱ्हाईक सांगतं ते ऐकून घ्यायचं, पण मानायचं नाही, हे मी किती जणांना शिकवलं असेल. पण हे गिऱ्हाईक शिकलेलं होतं आणि वर जावई होतं.

मागचं चाक उचलून गाडी रॅकवर घेतली. बॅटरीची टोकं घासली, फ्यूज काढून पाहिले. चावी फिरवल्यावर पेट्रोलचा पंप गुणगुणतो की नाही, ते टाकीला कान लावून ऐकलं. प्लग काढला, ठिणगी चांगली निळी होती. मग बायकोचा केस वाळवायचा ड्रायर मागवला आणि ठिणगी देणाऱ्या कॉइलवर गरम हवा मारत बसलो. बायको जिन्यात उभी राहून म्हणाली, "अहो, तो परत मिळणार आहे ना मला? ग्रीस लागलेला नको." इंजिन चाळीस मिनिटं एका सुरात चालत राहिलं. रेडिएटरचा पंखा सुरू झाला, थांबला, परत सुरू झाला. गाडी काही बंद पडेना.

जावई स्टुलावर बसून हे सगळं बघत होता. त्याचे हात इतके स्वच्छ होते की मला माझे पाठीमागे घ्यावेसे वाटत होते. साडेअकरा वाजता तो अगदी मायेने म्हणाला, "मामा, राहू द्या. रविवारचा तुम्हाला कशाला त्रास? मी उद्या परत कंपनीत नेतो. त्यांच्याकडे कॉम्प्युटर असतो."

त्याच्या मनात काही नव्हतं. पण मला ते जिव्हारी लागलं. दहाची शेजारी उभी होती. आपला बाप काय वाटेल ते दुरुस्त करतो, असं ती लग्नाआधी त्याला सांगत असे, हे मला माहीत होतं.

"कॉम्प्युटर काय सांगणार?" मी म्हटलं आणि गाडीच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसलो. गिअर टाकला, मागचं चाक हवेत फिरायला लागलं. मग खालून वर जाणाऱ्या वायरी एकेक करून हाताने हलवायला सुरुवात केली. स्टँडच्या स्विचकडे जाणाऱ्या वायरीला हात लागला आणि इंजिन फट्कन बंद. बटण दाबलं. टक् नाही की खट् नाही.

"सापडलं!" मी ओरडलो. जावई टाळ्याच वाजवायला लागला.

या गाड्यांत सोय अशी असते की साइड स्टँड खाली असेल तर इंजिन चालतच नाही. माणूस विसरून स्टँड खाली ठेवूनच निघाला, तर डाव्या वळणावर तो रस्त्याला टेकतो आणि गाडीला उचलून फेकतो. म्हणून स्टँडच्या मुळाशी एक छोटा स्विच असतो. तो स्विच खराब होणं काही नवं नाही. मी सॉकेट सोडवलं, दोन टोकांत वायरचा वीतभर तुकडा घालून जोड दिला, म्हणजे स्विच मधून उडवूनच टाकला. बटण दाबल्याबरोबर गाडी गरजली. मग वायर हलवली, ठोकली, कशालाच दाद दिली नाही.

"स्विच गेला होता," मी हात पुसत म्हटलं. "झालं काम."

झालं नव्हतं. रविवार, दुकानं बंद, नवा स्विच सोमवारशिवाय मिळणार नव्हता. हा तात्पुरता जोड आहे, उद्यापर्यंत गाडी इथेच राहू दे, एवढंच सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण जावई दहाचीला म्हणत होता, "बघ, दोन महिन्यांत कंपनीला जमलं नाही ते मामांनी दोन तासांत केलं." आणि ती माझ्याकडे बघून हसत होती. मी गप्प बसलो. म्हटलं, एक दिवसाचा प्रश्न, उद्या गुपचूप स्विच बसवून टाकू.

"धरणापर्यंत एक चक्कर मारून येतो," जावई म्हणाला. "जेवायच्या वेळेला परत."

माझा हात चुंबकाच्या काठीकडे गेला होता. पण गाडी मधोमध उभी होती, दहाचीने हेल्मेट घातलं होतं आणि वरून बायको हाका मारत होती, "अहो, आता त्यांना सोडणार आहात का, का त्यांचेही नटबोल्ट काढताय?" मी चावी दिली. दोघं निघाली. कोपऱ्यावर वळताना दहाचीने मागे न बघताच हात हलवला.

मग मी चुंबक फिरवलं.

एक वॉशर माझाच होता. एक क्लिप सकाळच्या स्कूटरची. आणि एक बोटभर लांबीचा स्प्रिंगचा तुकडा, एका टोकाला आकडा, दुसरं टोक तुटलेलं. तुटलेल्या जागी अर्धा भाग गंजलेला होता आणि अर्धा चकचकीत. म्हणजे केव्हाचीच तडकलेली आणि दोनेक महिन्यांपूर्वी पुरती तुटलेली. सकाळच्या स्कूटरला एवढी जाड स्प्रिंग नसते. मग कुठली?

मी तो तुकडा तळहातावर घेऊन गाडी उभी होती तिथे गेलो आणि मघाशी बसलो होतो तसाच गुडघ्यावर बसलो. हात वर केला. वायर इथे होती. आणि गुडघा? गुडघा बरोबर स्टँडच्या खुराला लागत होता.

मी हाताकडे बघत होतो, गुडघ्याकडे नाही. वायर हलली म्हणून गाडी बंद पडली नव्हती. माझ्या गुडघ्याने स्टँड ढकलला गेला म्हणून पडली होती. स्विच ठणठणीत होता. स्टँडला दोन स्प्रिंगा असतात, एकीच्या आत एक. त्यातली जाड बाहेरची तुटली होती. उरलेली बारीक स्प्रिंग स्टँडला वर धरून ठेवते, पण जेमतेम. करकचून ब्रेक लागला की स्टँड पुढे झोकांडी खातो आणि एकदा अर्ध्याच्या पुढे गेला की तीच स्प्रिंग त्याला वर ओढायचं सोडून खाली ताणून धरते. दोन महिने हेच चाललं होतं. दर वेळी स्टँड आपोआप खाली येत होता आणि दर वेळी स्विच इंजिन बंद करून जावयाला वाचवत होता. गाडी ओरडून सांगत होती आणि मी तिचं तोंड बांधलं होतं. समोरच्या मीटरच्या काचेवर स्टँडची लाल खूण उमटते, माझ्या जोडाने तीसुद्धा आता उमटणार नव्हती.

धरणाचा रस्ता मला पाठ आहे. डोंगर डाव्या हाताला, दरी उजव्या. प्रत्येक आतल्या वळणाआधी ब्रेक मारावाच लागतो, आणि मग डावीकडे झुकावं लागतं.

फोन लावला. जावयाचा वाजत राहिला. दहाचीचा वरच्या खोलीत वाजला, ती पर्स इथेच टाकून गेली होती. बायको फोन हातात घेऊन खाली आली. "त्याला लावत राहा," मी म्हटलं. "उचलला तर एवढंच सांग, गाडी थांबव, हळूहळू. ब्रेक जोरात मारू नकोस." तिने मान हलवली. ती पायरीवर बसून फोन लावायला लागली.

मी माझी जुनी स्कूटर काढली. चाळीसच्या वर ती थरथरते, त्या दिवशी मी तिला साठने पळवली. ते निघाल्याला वीस मिनिटं झाली होती. वीस मिनिटांत ती गाडी कुठे पोचत असेल, याचा हिशोब डोक्यात आपोआप चालला होता आणि तो मला थांबवता येत नव्हता. समोरून एक टेम्पो आला. त्याच्या चालकाच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का, ते मी बघितलं. पुढे काही घडलं असेल तर माणूस हात करतो, थांबवतो. त्याने काही केलं नाही. मग एक मोटार आली, तिनेही काही सांगितलं नाही. मला जरा धीर आला आणि लगेच वाटलं, दरीत गेलेली गाडी रस्त्यावरून कोणाला दिसणार?

चढ सुरू झाला. पहिलं डावं वळण, रस्ता साफ. दुसरं, साफ. मी डांबराकडेच बघत चाललो होतो. मी आयुष्यात फार देव देव करणारा माणूस नाही, पण प्रत्येक वळणाआधी मोठ्याने "नको, नको" म्हणत होतो. कोणाला म्हणत होतो, ते मला माहीत नाही.

चौथ्या वळणावर ओरखडा दिसला.

पांढरा, ताजा, हातभर लांब. मग थोडं अंतर सोडून दुसरा. त्याच्यापुढे टायरची काळी रेघ, तिरकी, मधली पट्टी ओलांडून सरळ उजवीकडे, दरीच्या बाजूला. मी स्कूटर तिथेच सोडून दिली. ती पडल्याचा आवाज मागून आला. रेघेच्या मागे मी धावलो. पळण्याचं माझं वय नाही. रेघ खडीत शिरली, कठड्यापर्यंत गेली आणि कठड्याला लागून वळली.

वीसेक पावलं पुढे गाडी उभी होती. शेजारी कठड्याला टेकून दोघं जमिनीवर बसली होती. दहाचीच्या मांडीवर हेल्मेट होतं. मी तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून, हातांवरून हात फिरवला. सगळं जागच्या जागी होतं.

"बाबा? तू इथे कसा?"

छाती भात्यासारखी चालली होती. जावई उठून उभा राहिला. त्याचा चेहरा रडून सुजला होता.

"मामा, माझं चुकलं," तो म्हणाला. "खड्डा होता बहुतेक, मला दिसलाच नाही. वळणात खालून काहीतरी आपटलं आणि गाडी उचललीच गेली. समोरून बस येत होती, मामा. ती आमच्या डावीकडून गेली. हिला मागे घेऊन मी इतक्या वेगात यायला नको होतं. तुम्ही एवढी मेहनत करून गाडी चांगली केलीत, आणि मी..."

"मी याच्या मागे आयुष्यात बसणार नाही," दहाची म्हणाली. "किती वेळा सांगितलं, हळू चालव. तू सांग त्याला, बाबा. तुझं तरी ऐकेल."

दोघंही माझ्याकडे बघत होती. गाडीचा स्टँड खाली होता, त्याचा खूर घासून वाकडा झाला होता. त्यांनी तिकडे पाहिलंही नव्हतं. मी "हो, खड्डाच असणार" म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. जावयाने हळू चालवायची शपथ घेतली असती, मी सोमवारी स्प्रिंग आणून बसवली असती आणि जन्मभर तोच अपराधी राहिला असता. हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते लपवत नाही.

खिशातून स्प्रिंगचा तुकडा काढून मी त्याच्या हातावर ठेवला.

"खड्डा नव्हता," मी म्हटलं. "मी होतो."

मग सगळं सांगितलं. स्प्रिंग, स्विच, जोड, आणि चुंबक फिरवायच्या आधी चावी दिली तेही. काही सोडलं नाही. जावई ऐकत ऐकत परत खाली बसला.

तो म्हणाला, "दर वेळी उतरल्यावर स्टँड खालीच असायचा, मामा. मला वाटायचं, मीच लावला. निघताना वर घ्यायचो, आणि गाडी सुरू."

दहाची उठली, गाडीजवळ गेली, वाकून खाली बघितलं. माझा वायरीचा तुकडा तिला लगेच दिसला. शेवटी तीही गॅरेजमध्येच वाढलेली.

"नुसतं सांगायचं होतंस," ती म्हणाली. "तात्पुरतं केलंय, गाडी नेऊ नका. त्याला काय वाटलं असतं? काही नाही."

"मला वाटलं असतं," मी म्हटलं.

"म्हणून?"

तिने एवढंच विचारलं. आवाजसुद्धा चढवला नाही.

मी गाडीशी बसलो. वायरीचा तुकडा ओढून काढला, स्विचचं सॉकेट होतं तसं जोडलं. स्टँड खालीच होता. जावयाकडून चावी घेतली, फिरवली, आणि बटण दाबलं.

टक् नाही की खट् नाही. काचेवर स्टँडची लाल खूण उमटली. मी परत दाबलं. गाडी सुरू होईना. आजवर हजार गाड्या सुरू केल्या, पण एखादी सुरू होत नाही म्हणून माझ्या डोळ्यांतून पाणी यायची ही पहिलीच वेळ. स्विच चोख काम करत होता, तरी मला खात्रीच वाटेना. मी दाबत राहिलो, परत, परत, अंगठा दुखायला लागला तरी.

शेवटी दहाचीने माझा अंगठा धरून बटणावरून बाजूला केला.

"बास, बाबा," ती म्हणाली. "नाही होत ती."